दोन वॉरिंग्टन आणि एक काचेचे भांडे

यवतमाळसारख्या गावात हौसेने आणलेल्या काचपेटीतले मासे पहिल्या पंधरवड्यात एकामागून एक मरू लागले, की त्याची स्पष्टीकरणे तयारच असतात. पाणी वाईट, दुकानदार लबाड, ऊन फार. यांपैकी एकही पटले नाही तर घरावरचे संकट माशाने स्वतःवर घेतले, असे म्हणायचे. हे शेवटचे स्पष्टीकरण वास्तुशास्त्राच्या बाजारात विशेष खपते. मेलेल्या माशाच्या जागी लगेच दुसरा आणण्याची सोय त्यात आहे. खरे कारण बहुधा वेगळेच असते. ते उमगण्याच्या इतिहासात एक बाप आणि एक मुलगा आहे, आणि दोघांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन.

थोरले वॉरिंग्टन लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये रसायनतज्ज्ञ होते. 1849 च्या सुमारास त्यांनी एका काचेच्या भांड्यात वाळू, पाणी, दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. काही दिवसांनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजलेले खाल्ले आणि पाणी निवळले. 1850 मध्ये केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हा वृत्तान्त मांडला. वनस्पती प्राणवायू देते, मासा कर्बवायू देतो, गोगलगाय सफाई करते. तिघांचा हिशेब जुळतो. ‘संतुलित’ मत्स्यपेटीची कल्पना येथून रूढ झाली.

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि 1854 मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. लॅटिनमध्ये या शब्दाचा एक अर्थ गुरांची पाणी पिण्याची जागा असा आहे, म्हणजे चक्क आपला हाळ! गॉस यांचा मुलगा एडमंड याने 1907 च्या ‘फादर अँड सन’मध्ये, वडिलांच्या पुस्तकांमुळे किनाऱ्यावर लोटलेल्या हौशी संग्राहकांनी खडकांमधली डबकी कशी ओरबाडून नेली, हे खेदाने लिहिले आहे. इंग्रजीच्या वर्गात हे पुस्तक श्रद्धा आणि बंडखोरी यांच्या संघर्षासाठी वाचले जाते. त्यातल्या या पश्चात्तापाकडे सहसा कोणी थांबत नाही.

दुसऱ्या पितापुत्रांची गोष्ट मात्र वाङ्मयात आली नाही. धाकटा वॉरिंग्टन वडिलांच्याच प्रयोगशाळेत रसायन शिकला आणि पुढे रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात मातीवर काम करू लागला. मातीतल्या अमोनियाचे नायट्रेट होते ते जिवंत सूक्ष्म जीवांमुळे, हे फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्यून्ट्झ यांनी 1877 मध्ये दाखवले होते. धाकट्याने त्याला दुजोरा दिला आणि पुढे हे काम दोन टप्प्यांत, दोन निरनिराळ्या जीवांकडून होते, हे सिद्ध केले: आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. ते जीव वेगळे काढणे त्याला साधले नाही. तो मान 1890 मध्ये विनोग्राड्स्कीला मिळाला. वडिलांच्या भांड्यात वाळूवर आणि काचेवर हेच जीव राबत असणार, आणि उरलेला अमोनिया वनस्पती शोषत असणार. वडिलांच्या हिशेबात ही रक्कमच मांडलेली नव्हती. गोगलगाय कुजलेले खाते हे खरे, पण तिच्याही विष्ठेतून अमोनिया होतोच.

शेती ही विद्या आणि मत्स्यपेटी हा छंद, अशी वाटणी झाल्यामुळे मुलाचे ज्ञान वडिलांच्या भांड्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागला, असे मला वाटते. पेटीत नायट्राइटवर काम करणारे जीव मुख्यतः नायट्रोस्पायरा जातीचे असतात, हे तर 1998 मध्ये कळले.

खरे म्हणजे आपल्या कापूसउत्पादकाला हे तत्त्व परके नाही. कच्चे शेणखत पिकाला जाळते, ते कुजवूनच घालावे लागते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. नवी पेटी ही अशीच कच्ची असते. पहिल्या दिवशी मासे सोडले, की त्यांच्याच कल्ल्यांतून निघणारा अमोनिया त्यांना जाळतो. त्यातून वाचले तर नायट्राइट त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हे अधिक जाचते. पाणी जितके उष्ण आणि अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो, आणि काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मीच असते.

म्हणून वाळू, पाणी आणि वनस्पती आधी. व्हॅलिस्नेरिया किंवा आपल्या ओढ्यातलीच हायड्रिला दाट लावावी. नळाच्या पाण्यातले क्लोरिन या जीवांनाही मारते, तेव्हा ते काढूनच पाणी वापरावे. मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकून चार ते सहा आठवडे वाट पाहावी. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मगच थोडे मासे. ओळखीत कोणाची निरोगी जुनी पेटी असेल तर तिच्यातली मूठभर ओली वाळू आणावी. विरजणासारखी ती लागते, आणि आठवडे वाचतात.