सेनानायकाचे संरक्षण (मध्ययुगीन युद्धपद्धती)

मध्ययुगीन युद्धात राजा, सरसेनापती किंवा लढाईचे नेतृत्व करणारा सरदार जिवंत व सैन्याच्या नजरेसमोर राहावा, यासाठी केलेल्या व्यवस्थेस सेनानायकाचे संरक्षण असे म्हणतात. नायक पडला की संख्येने मोठे असलेले सैन्यही अल्पावधीत पांगत असे. त्यामुळे हा प्रश्न केवळ एका व्यक्तीच्या सुरक्षिततेचा नसून लढाईच्या निकालाचा होता. महाराष्ट्राच्या इतिहासात याचे सर्वांत गंभीर उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर येथे १६८९ साली घडले. मध्ययुगीन युद्धांवर आधारित व्यूहात्मक व्हिडिओ खेळांतही हेच तत्त्व नियमांच्या रूपाने आढळते.

पार्श्वभूमी

मध्ययुगीन सैन्य बहुधा निरनिराळ्या सरदारांच्या पथकांचे मिळून बनलेले असे. शिपायाची निष्ठा आपल्या सरदाराशी आणि सरदाराची निष्ठा राजाशी असे. वतन, जहागीर, पगार व लुटीचा वाटा हे सर्व नायकाच्या हयातीवर अवलंबून असल्याने तो मारला गेल्यावर लढत राहण्याचे कारणच उरत नसे. रणधुमाळीत आज्ञा पोहोचविण्याची साधने निशाण, नगारा, कर्णा व जासूद एवढीच होती. नायक हत्तीवर बसला तर तो दुरून दिसे आणि सैन्यास धीर येई. परंतु शत्रूच्या तिरंदाजांनाही तोच नेमका दिसे.

नायक गमावल्याची उदाहरणे

* पानिपतची दुसरी लढाई (५ नोव्हेंबर १५५६) : हत्तीवरून लढणाऱ्या हेमूच्या डोळ्यात बाण लागला व त्याचे सैन्य पळाले.
* तालिकोटची लढाई (जानेवारी १५६५) : विजयनगरचा रामराय पकडला जाऊन मारला गेला आणि त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली.
* सामूगढची लढाई (मे १६५८) : दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. अंबारी रिकामी दिसताच तो पडला असा समज पसरला.
* प्रतापगड (१० नोव्हेंबर १६५९) : अफजलखान मारला गेल्यावर त्याच्या छावणीवर मराठ्यांनी हल्ला केला व आदिलशाही फौज जावळीच्या अरण्यात उधळली गेली.
* पानिपतची तिसरी लढाई (१४ जानेवारी १७६१) : विश्वासराव गोळी लागून पडले. त्यानंतर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि स्वतः गर्दीत शिरले. भाऊ दिसेनासे होताच मराठी सैन्याचा धीर सुटला.

मराठ्यांच्या पद्धती

शिवाजी महाराजांच्या काळात नायकाच्या संरक्षणाचा भर चिलखतापेक्षा बातमी, वेग व किल्ल्यांवर होता. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळगड सोडताना या सर्व उपायांचा एकत्र वापर झाला. महाराजांच्या वेषात शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून गेला व शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड अडवून पाठलाग रोखला आणि महाराज विशाळगडावर पोहोचले. तोतया, पिछाडीची झुंज व गाठता येईल असा किल्ला असे या योजनेचे तीन भाग होते.

याउलट, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरी येथे सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले व सर्व सातजण मारले गेले. त्यांच्या जागी हंबीरराव मोहिते यांची नेमणूक झाली. पेशवाईत नायकाभोवती हुजरातीची फौज असे व जरीपटक्याच्या निशाणावरून त्याची जागा ओळखली जाई.

संगमेश्वर, १६८९

संगमेश्वर हे शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर, सह्याद्रीच्या पायथ्याजवळ वसलेले आहे. दाट झाडी व अवघड घाट यांमुळे हा मुलूख सुरक्षित समजला जाई. जानेवारी १६८९ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराज थोड्या सैन्यासह येथे होते. मोगल सरदार मुकर्रबखान निवडक स्वारांसह कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून अनपेक्षितपणे येऊन पोहोचला. १ फेब्रुवारी १६८९ रोजी झालेल्या झटापटीत सरनौबत म्हाळोजी घोरपडे मारले गेले आणि महाराज व कवी कलश कैद झाले. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या करण्यात आली.

येथे मोठी लढाई झालीच नाही. भूप्रदेशाच्या दुर्गमतेवर ठेवलेला विश्वास, सोबतचे अपुरे सैन्य व शत्रूच्या हालचालीची वेळेवर न मिळालेली किंवा उपयोगात न आलेली बातमी यांमुळे राजा शत्रूच्या हाती लागला.

तरीही राज्य संपले नाही. राजाराम महाराजांना रायगडावर मंचकारोहण करवून पुढे जिंजीस पाठविण्यात आले. राजा व वारस एकाच वेढ्यात सापडू नयेत, हा त्यामागील विचार होता. रायगड त्याच वर्षी पडला आणि येसूबाई व बाल शाहू कैद झाले. परंतु राजाराम महाराज निसटल्यामुळे युद्ध चालू राहिले. म्हाळोजींचे पुत्र संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी स्वतंत्रपणे मोहिमा चालविल्या. १७०० साली राजाराम महाराजांच्या निधनानंतर ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. एका व्यक्तीवर अवलंबून नसलेले हे नेतृत्व हेच अखेरीस सर्वांत टिकाऊ संरक्षण ठरले.

व्यूहात्मक खेळांत

बुद्धिबळात राजावर मात झाली की डाव संपतो. किल्लेकोट ही राजाला सुरक्षित करण्याची चाल आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) या व्हिडिओ खेळाच्या राजवध प्रकारात राजा मारला गेल्यास खेळाडू हरतो. हा राजा लढू शकत नाही. त्याला किल्ल्यात ठेवता येते. ‘मिडिव्हल २ : टोटल वॉर’ (२००६) मध्ये सेनापती अंगरक्षक घोडदळासह लढतो व तो पडल्यास सैन्याचे मनोधैर्य खचते.

अशा खेळांत सेनापतीस मुख्य फळीच्या मागे, तिरंदाजांच्या पल्ल्याबाहेर ठेवणे, भालाइतांवर समोरून न घालणे आणि पळणाऱ्या शत्रूच्या पाठलागात एकटे न सोडणे हे नेहमीचे संकेत आहेत. मात्र तो फार दूर ठेवल्यास त्याच्या उपस्थितीचा सैन्यास लाभ मिळत नाही. शत्रूची फळी डळमळू लागल्यावर बगलेवरून किंवा पिछाडीवरून थोडक्यात हल्ला करून त्यास परत घेणे, हा या दोन्हींतील मध्यममार्ग होय.

हे सुद्धा पहा

* पावनखिंडीतील लढाई
* संताजी घोरपडे
* पानिपतची तिसरी लढाई
* गनिमी कावा