चाळण्यांची उतरंड

गणपतीत मोदकपात्र चुलीवर चढते, तेव्हा वाफ चाळणीच्या भोकांतून वर येते. अशा वीस-पंचवीस चाळण्या उतरंडीसारख्या रचल्या आहेत आणि वरून पाणी सोडले आहे, असे मनात आणा. महाडजवळ बिरवाडीकडच्या औद्योगिक वसाहतीत जे उंच, बारीक मनोरे दिसतात, त्यांतल्या काहींच्या पोटात हेच असते.

ही युक्ती मूळची दारूच्या भट्टीतली. जुन्या भट्टीत एकदा उकळून अर्क कमजोर निघे. पुन्हा उकळा, पुन्हा जळण घाला. फ्रान्समध्ये सेलिए-ब्ल्युमेंताल यांनी १८१३ साली थाळ्यांच्या मनोऱ्याचा हक्क नोंदवला. १८३० साली आयर्लंडच्या ईनियस कॉफी यांनी भोके पाडलेले तांब्याचे पत्रे बसवले. गंमत अशी, की हे गृहस्थ आधी अबकारी अधिकारी. चोरट्या भट्ट्या पकडणे हेच त्यांचे काम!

पोलादपूरच्या उतारावर भातखाचरे पाहिलीत ना? वरच्या खाचराचे पाणी बांधावरून खालच्यात उतरते. इथेही तसेच. चाळणीवर दोन-तीन बोटे द्रव राहावा म्हणून कडेला बांध. त्यावरून सांडलेला द्रव पन्हळीने हातभर खालच्या चाळणीवर. वाफ त्यातून बुडबुडत वर जाते. लवकर उकळणारा भाग वर चढतो, उशिरा उकळणारा खाली राहतो. किती चाळण्या लागतील, हे आलेखावर पायऱ्या काढून मोजण्याची रीत मॅककेब आणि थील यांनी १९२५ साली दिली. शिक्षक मंडळी, पट्टी-पेन्सिल पुरते बरं का!

खरी मेख भोकांत. भोके फार झाली तर वाफेचा जोर विरतो आणि द्रव भोकांतूनच गळतो. थोडी झाली तर वाफ द्रवाला उचलते, मनोरा तुंबतो. ह्या धास्तीने पुष्कळ वर्षे टोप्यांच्या महागड्या थाळ्या वापरल्या गेल्या. १९५० नंतरच्या प्रयोगांनी दाखवले, की हिशेब नीट असेल तर साधी चाळणीच पुरते.

आपल्याला ह्याचे काय? वापरलेले द्रावक अशाच मनोऱ्यात शुद्ध होऊन परत कामी येते. निसटले ते सांडपाण्यात. आणि महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला जाते. तिच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. चाळणीने नदी निर्मळ होत नाही, सांडपाणी वेगळे शुद्ध करावेच लागते. पण काम निम्म्यावर आले, वाफ मंदावली, की भर कामासाठी भोकलेल्या चाळण्या गळू लागतात आणि तळाला जाऊ नये ते तळाला जाते. म्हणून कमीत कमी वाफ किती, हा आकडा आराखड्यातच मांडावा लागतो.