मूळ आणि प्रतिकृती : 'यू ४७' ध्वनिग्राहकाच्या इतिहासातील एक प्रश्न

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला 'प्रत' हा शब्द नित्याचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभिलेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य ह्याच प्रश्नाभोवती फिरत होते की, अनेक प्रतींच्या आधारे मूळ संहितेपर्यंत कितपत पोचता येते? यंत्रांच्या इतिहासात हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. यंत्राचे मूळ अमुक कारखान्यात आहे, त्याचा आराखडा कागदावर आहे, तेव्हा अस्सल कोणते आणि नक्कल कोणती ह्याविषयी संदेहाला जागा नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत टिकते हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात बर्लिन येथील गेओर्ग नॉयमान ह्यांच्या कारखान्याने १९४९ साली बाजारात आणलेल्या 'यू ४७' ह्या व्हॉल्व्हच्या ध्वनिग्राहकाचे, आणि अलीकडच्या दशकांत निरनिराळ्या देशांत निघालेल्या त्याच्या प्रतिकृतींचे उदाहरण घेतले आहे.

कंडेन्सर पद्धतीच्या ध्वनिग्राहकात एका धातूच्या पट्टिकेसमोर, केसाहूनही कमी अंतरावर, सोन्याचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा ताणून बसविलेला असतो. ह्या जोडणीला कॅप्सूल म्हणतात. ध्वनीच्या लहरींनी पडदा हलला की पडदा व पट्टिका ह्यांमधील विद्युत्धारणा बदलते. त्यातून मिळणारा संकेत फारच दुबळा असल्यामुळे ध्वनिग्राहकाच्या पोटातच बसविलेला व्हॉल्व्ह त्याला बळ देतो, आणि ट्रान्सफॉर्मर तो पुढे तारेवर सोपवितो. कॅप्सूल, व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर हे ह्या यंत्राचे तीन प्रमुख अवयव होत. बाहेरील जाळीच्या आकाराचाही ध्वनीवर परिणाम होतो, तो वेगळाच.

आता ह्या मूळ यंत्रात 'मूळ' किती होते ते पाहू. कंडेन्सर ध्वनिग्राहकाची कल्पना नॉयमान ह्यांची नव्हे. ती १९१६-१७ च्या सुमारास अमेरिकेत ई. सी. वेन्टे ह्यांनी प्रत्यक्षात आणली. नॉयमान ह्यांनी १९२८ साली आपला कारखाना काढून 'सीएमव्ही ३' हा ध्वनिग्राहक घाऊक प्रमाणावर तयार केला. आकारावरून लोक त्याला 'बाटली' म्हणत. 'यू ४७' चे हृदय म्हणजे 'एम ७' ही कॅप्सूल. ती १९३० च्या दशकातील असून तिचे तत्त्व जर्मन नभोवाणीच्या सेवेतील ब्राउनम्यूल आणि वाल्टर वेबर ह्या दोघांचे आहे. छिद्रे पाडलेल्या पट्टिकेच्या दोन्ही अंगांस पडदे बसवून समोरचा आवाज घेणे व मागचा टाळणे ही युक्ती त्यांनी शोधली. (चुंबकीय फितीवरील ध्वनिमुद्रणाला १९४० साली निर्मळपणा आणून देणारे ते हेच वेबर, पण त्यांचे नाव आज क्वचितच निघते.) व्हॉल्व्ह होता 'व्हीएफ १४', तो टेलिफुंकन कंपनीचा. म्हणजे तत्त्व नभोवाणीच्या संशोधकांचे, व्हॉल्व्ह दुसऱ्या कंपनीचा, कॅप्सूल युद्धपूर्व काळातील. नॉयमान ह्यांचे कर्तृत्व कशात होते? माझ्या मते, ह्या अवयवांचा परस्परांशी मेळ बसविण्यात. 'व्हीएफ १४' ची तंतू तापविण्याची नेमलेली विद्युद्दाब-मर्यादा ५५ व्होल्ट होती. नॉयमान ह्यांनी तो मुद्दाम सुमारे ३६ व्होल्टवर चालविला, आणि १०५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यातून तंतू व धनाग्र दोहोंचे काम भागविले. शिवाय पडद्यांची जोडणी बदलून, एका दिशेचा किंवा सर्व दिशांचा आवाज घेण्याची सोय एका खटक्यावर आणून ठेवली. उसनवारीतून असे काही उभे राहते, तेव्हा तिला चोरी म्हणणे अन्यायाचे होईल.

नावाची कथा तर अधिकच गुंतागुंतीची आहे. आरंभी 'यू ४७' ची विक्री टेलिफुंकनमार्फत होत असे व पुष्कळ नगांवर त्याच कंपनीचे चिन्ह असे. त्यामुळे अमेरिकेतील गायक व ध्वनिमुद्रक त्याला लाडाने 'टेली' म्हणू लागले. ज्याने यंत्र घडविले त्याचे नाव मागे पडले आणि ज्याने विकले त्याचे पुढे आले. १९५८ साली हा करार संपल्यावर टेलिफुंकनने व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीकडून 'एला एम २५१' हा ध्वनिग्राहक करवून घेतला. तोही एकेजीच्याच १९५३ मधील 'सी १२' चा सख्खा भाऊ होय. दोघांची कॅप्सूल एकच. पुढे २००१ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात निघालेल्या एका कंपनीने टेलिफुंकन हे नाव वापरण्याचा हक्क मिळवून प्रथम 'एला एम २५१' च्याच प्रतिकृती घडविल्या. नावाचा कायदेशीर वारसा एकाकडे, कारागिरीचा वारसा दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती आहे.

कारागिरीच्या वारशाचाही उलगडा सोपा नाही. नोव्हेंबर १९४३ मधील बाँबहल्ल्यात बर्लिनचा कारखाना उद्ध्वस्त झाला, तेव्हा नॉयमान ह्यांनी तो थुरिंगियातील गेफेल ह्या गावी हलविला. युद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली. नॉयमान पश्चिम बर्लिनमध्ये पुन्हा उभे राहिले. गेफेलचा कारखाना पूर्व जर्मनीत राहिला, १९७२ साली तो सरकारी झाला, आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर पुन्हा खाजगी मालकीचा झाला. गंमत अशी की, बर्लिनमध्ये 'एम ७' सोडून देण्यात आली, गेफेलमध्ये ती टिकली. पीव्हीसीचा पडदा काळाने वाळतो व तडकतो, म्हणून नॉयमान ह्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पॉलिएस्टरचा पडदा असलेली 'के ४७' कॅप्सूल वापरली. त्याच सुमारास 'व्हीएफ १४' चे उत्पादन बंद पडले. मग ज्यांचे व्हॉल्व्ह जळाले त्यांना नॉयमाननेच 'नुव्हिस्टर' जातीचा सूक्ष्म व्हॉल्व्ह पर्याय म्हणून देऊ केला. ग्रंथकाराने स्वतःच आपल्या संहितेत फेरफार केल्यास संपादकाने कोणता पाठ स्वीकारावा, हा आपल्याकडील जुना पेच येथे तंतोतंत लागू पडतो.

प्रतिकृतिकारांपुढील अडचण ह्यातूनच उद्भवते. 'व्हीएफ १४' नवा मिळत नाही. जुने नग दुर्मिळ व महाग. त्याचा जवळचा नातलग 'ईएफ १४' घ्यावा, तर त्याचा तंतू ६.३ व्होल्टचा, म्हणजे विद्युत्पुरवठा वेगळा करावा लागतो. अमेरिकेतील वॉर्म ऑडिओ कंपनीने आपल्या 'डब्ल्यूए-४७' मध्ये '५७५१' हा सर्वस्वी निराळा व्हॉल्व्ह घातला, आणि मूळ यंत्रात दिशांचे दोनच पर्याय असताना नऊ पर्याय दिले. ह्याला नक्कल म्हणावे की नवी रचना? मला वाटते, ही नवी रचनाच आहे, आणि तिच्या कर्त्यांनी '४७' ह्या अंकाचा आधार घेतला नसता तरी चालले असते. परंतु त्या अंकावाचून ग्राहक वळत नाही, हे बाजाराचे वास्तव आहे.

ह्याच्या उलट, उसनवारीचे वाईट उदाहरण 'के ६७' कॅप्सूलचे. १९६० साली निघालेल्या 'यू ६७' मध्ये नॉयमान ह्यांनी उंच स्वर मुद्दाम चढे ठेवणारी कॅप्सूल वापरली आणि पुढे विद्युत्-मंडलात तेच स्वर तेवढ्या प्रमाणात उतरवून घेतले. दोन्ही अंगे मिळून एक विचार पुरा होतो. स्वस्त ध्वनिग्राहक बनविणाऱ्या अनेकांनी, विशेषतः चिनी कारखान्यांतील तयार कॅप्सूल घेणाऱ्यांनी, कॅप्सूल उचलली, पण मंडलातील उतार सोडून दिला. परिणामी आवाज कर्कश झाला, आणि दोष मात्र 'चिनी मालाला' दिला गेला. वस्तुतः बीजिंग येथील ध्वनियंत्रांचा '७९७' कारखाना हा १९५७ साली पूर्व जर्मनीच्या साहाय्याने सुरू झालेल्या मोठ्या उद्योगसंकुलातून १९६४ मध्ये वेगळा झालेला आहे. तेथील कारागिरी अडाणी नव्हे. चूक होती ती आराखडा अर्धाच वाचणाऱ्यांची.

पेटंटांची मुदत केव्हाच संपलेली असल्यामुळे ह्या सर्व व्यवहारात बेकायदा असे थोडेच आहे. वाद उरतो तो नावाचा आणि दाव्याचा. खुद्द नॉयमान कंपनीने 'यू ६७' २०१८ साली आणि 'एम ४९' २०२२ साली पुन्हा काढले. चांगल्या स्थितीतील जुना 'यू ४७' दहा हजार डॉलरांहून अधिक किमतीस जातो. अशा वेळी 'अस्सल' हा एकच शब्द वस्तूच्या वर्णनाला पुरा पडत नाही. हस्तलिखिताच्या वर्णनात जसे पत्रे, शाई, हस्ताक्षर व पुष्पिका ह्यांची वेगवेगळी नोंद होते, तशी ध्वनिग्राहकाच्या बाबतीत कॅप्सूल, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर व आवरण ह्यांची व्हावी. आज एखाद्या ध्वनिमुद्रणगृहात १९५० च्या दशकातील आवरण, गेफेलची नवी 'एम ७' आणि 'ईएफ १४' व्हॉल्व्ह असा 'यू ४७' आढळू शकतो. त्याच्या नोंदीत ह्या तीन तारखा तीन ठिकाणी लिहाव्या लागतील.