एका मास्तरांची प्रार्थना आणि एका राष्ट्राचे गीत

धर्मग्रामाच्या इतिहासात ज्यांची नावे क्वचितच नोंदली जातात, अशा माणसांत गायनवृंदाच्या मास्तरांचा क्रम पहिला लागावा. आठवडाभर मुलांना पाढे शिकवायचे, रविवारी त्याच मुलांकडून मिस्सेची गीते गाऊन घ्यायची, कुणाच्या लग्नाचे वा अंत्यविधीचे बोलावणे आले की पेटी घेऊन हजर व्हायचे, असा त्यांचा जन्मभराचा परिपाठ. त्यांनी बांधलेली चाल दोन-तीन पिढ्या गातात. बांधणाऱ्याचे नाव मात्र कुणाला सांगता येत नाही. अशाच एका मास्तरांची कथा आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत. ते आपल्या देशातले नव्हेत, आपल्या कॅथलिक परंपरेतलेही नव्हेत. परंतु त्यांनी आपल्या शाळेतील मुलांसाठी रचलेली लहानशी प्रार्थना आज दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा पूर्वार्ध आहे. त्या गीताचा उत्तरार्ध कोणाचा, आणि ही दोन अर्धुके एकत्र कशी आली, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

एनॉक मांकायी सोन्टोन्गा हे खोसा जमातीचे गृहस्थ. केप प्रांतातील उटेनहेग येथे १८७३ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन ते जोहान्सबर्गजवळील एका मेथॉडिस्ट मिशन शाळेत रुजू झाले. १८८६ साली त्या परिसरात सोने सापडले होते आणि पाहता पाहता माळरानावर शहर उभे राहत होते. सोने गोऱ्यांच्या तिजोरीत जाई. ते खणून काढणारे काळे मजूर शहराच्या कडेला वस्ती करून राहत. अशा मजुरांच्या मुलांना सोन्टोन्गा शिकवीत, त्यांचा गायनवृंद चालवीत आणि जोडीला छायाचित्रेही काढीत. १८९७ साली त्यांनी खोसा भाषेत एक कडवे व ध्रुपद रचले व त्याला चालही लावली. ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ हे त्याचे नाव. म्हणजे ‘प्रभो, आफ्रिकेला आशीर्वाद दे’. १८९९ साली एका मेथॉडिस्ट पाळकाच्या दीक्षाविधीत ते प्रथम जाहीरपणे गायिले गेले.

सोन्टोन्गा आपली गीते एका साध्या वहीत लिहून ठेवीत. त्यांच्या पश्चात इतर वृंदांचे मास्तर ती वही मागून नेत, परत आणून देत; आणि अशी हातोहात फिरता फिरता ती एके दिवशी कायमची हरवली. सोन्टोन्गा १९०५ साली, वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच, देवाघरी गेले. वही गेली, मास्तर गेले. गीत मात्र लोकांच्या ओठांवर राहिले.

ते राहिले याचे बरेच श्रेय जॉन लंगालिबालेले डुबे यांना दिले पाहिजे. डुबे हे काँग्रिगेशनल पंथाचे पाळक व शिक्षणतज्ज्ञ. डरबनजवळ इनांडा येथील त्यांच्या ओहलांगे विद्यालयाच्या गायनवृंदाने हे गीत गावोगावी नेले. याच परिसरात, डुबे यांच्या संस्थेच्या शेजारी म्हणता येईल इतक्या अंतरावर, १९०४ साली गांधीजींनी फिनिक्स आश्रम वसविला होता, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेन येथे काळ्या जनतेची राष्ट्रीय सभा स्थापन झाली आणि डुबे तिचे पहिले अध्यक्ष निवडले गेले. त्या सभेची सांगता प्रार्थनेने झाली व प्रार्थनेनंतर सोन्टोन्गांचे गीत गायिले गेले. याच सभेला पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस हे नाव मिळाले. तिचे एक संस्थापक सॉलोमन प्लाट्जे यांनी १९२३ साली लंडन येथे या गीताची पहिली ध्वनिमुद्रिका केली. १९२५ साली संघटनेने ते आपले अधिकृत गीत म्हणून स्वीकारले. पुढे खोसा कवी सॅम्युएल म्काई यांनी त्याला आणखी सात कडवी जोडली.

आता दुसऱ्या गीताकडे वळू. ते ज्यांचे, ते आफ्रिकानेर किंवा बोअर लोक पुढे जुलमी राज्यकर्ते म्हणून जगाला माहीत झाले. परंतु इतिहास प्रामाणिकपणे वाचायचा तर त्यांच्या जखमाही पाहिल्या पाहिजेत. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांशी झालेल्या युद्धात त्यांची शेतघरे जाळली गेली; बायकामुलांना छावण्यांत कोंडण्यात आले आणि तेथे सुमारे २६ हजार स्त्रिया व मुले रोगराईने व उपासमारीने मेली. (काळ्या लोकांसाठी निराळ्या छावण्या होत्या, तेथेही हजारो मेले, परंतु त्यांची मोजदाद फार काळ कुणी केली नाही.) युद्ध हरल्यावर त्यांच्या आफ्रिकान्स भाषेची स्वयंपाकघरातील बोली म्हणून हेटाळणी होई. या मानखंडनेच्या दिवसांत, १९१८ साली, कॉर्नेलिस लांगेनहोव्हन या कवीने ‘डी स्टेम फान साउथ आफ्रिका’ हे काव्य लिहिले. नावाचा अर्थ ‘दक्षिण आफ्रिकेची साद’. १९२१ साली त्याला चाल लावली ती मार्थिनस द व्हिलियर्स यांनी. तेही एक पाळकच, डच रिफॉर्म्ड पंथाचे. १९२८ साली केप टाउन येथे देशाचा नवा ध्वज उभारताना हे गीत गायिले गेले. तेही एका दुखावलेल्या जनतेचेच गीत होते.

दुखावलेला माणूस दयाळू होतो, असे आपण धरून चालतो. दुर्दैवाने तसे नेहमी घडत नाही. १९४८ साली आफ्रिकानेरांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. १९५३ च्या कायद्याने काळ्या मुलांचे शिक्षण सरकारने आपल्या मुठीत घेतले. सोन्टोन्गांनी जेथे शिकविले तसल्या मिशन शाळा एक तर सरकारच्या हाती द्यायच्या, नाही तर अनुदानावाचून चालवायच्या, असा पेच पडला. कॅथलिक ख्रिस्तसभेने अनुदानावाचून शाळा चालविण्याचा अवघड मार्ग धरला. १९५७ साली दोन घटना घडल्या. त्या वर्षी ‘डी स्टेम’ हे देशाचे एकमेव राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले. आणि त्याच वर्षी तेथील कॅथलिक बिशपांनी पत्रक काढून वर्णभेद हा मुळातच दुष्ट आहे असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. डरबनचे आर्चबिशप डेनिस हर्ली हे त्या काळातील एक निर्भय आवाज होते.

यापुढे एका देशात दोन गीते झाली. एक सरकारी समारंभात, लष्करी बँडवर वाजे. दुसरे अंत्ययात्रांत, तुरुंगांत आणि देवळांत गायिले जाई. १९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे ठार झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. मात्र गंमत अशी की, ज्यांचे हे गीत त्यांची संघटना स्वदेशात बेकायदा ठरली असताना टांझानिया आणि झांबिया या देशांनी त्याच चालीवर आपली राष्ट्रगीते बांधली होती!

१६ जून १९७६ हा दिवस तर विसरता येणार नाही. काळ्या मुलांना निम्मे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकविण्याची सक्ती सरकारने केली होती. तिच्या निषेधार्थ सोवेटोतील हजारो शाळकरी मुले गणवेशात रस्त्यावर उतरली. पोलीस आडवे आले तेव्हा मुलांनी ‘न्कोसी सिकेलेल’ म्हणावयास आरंभ केला. मग गोळ्या सुटल्या. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन त्या दिवशी मरण पावला. काही मुलांनी पवित्र मरियेला वाहिलेल्या रेजिना मुंडी या कॅथलिक चर्चमध्ये आश्रय घेतला; पोलीस तेथेही शिरले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. वेदीचा तुटलेला संगमरवरी कोपरा आणि छतातील गोळ्यांच्या खुणा आजही तेथे जतन केलेल्या आहेत.

या मुलांच्या रक्ताची आठवण ठेवूनच पुढचा प्रसंग वाचावा. नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कारावासानंतर १९९० साली मुक्त झाले. २७ एप्रिल १९९४ रोजी त्यांनी आयुष्यातले पहिले मत टाकले ते ओहलांगे येथे, जॉन डुबे यांच्या शाळेत. आणि डुबे यांच्या समाधीपुढे ते नतमस्तक झाले. आता सत्ता येणार, तर ‘डी स्टेम’ टाकून द्यावे, असे त्यांच्या पक्षातील अनेकांना वाटले यात नवल नव्हते. सहकाऱ्यांनी पुढे अशी आठवण सांगितली आहे की, कार्यकारिणीच्या एका बैठकीत मंडेला दूरध्वनी घेण्यासाठी बाहेर गेले असताना सभासदांनी तसे जवळजवळ ठरवूनच टाकले. परत आल्यावर मंडेला नाराज झाले. त्यांचे म्हणणे असे की, हे गीत ज्यांच्या काळजाला भिडते त्या लोकांशी आपल्याला एका देशात राहायचे आहे. ते असे सहजासहजी पुसून टाकले तर समेटाचा पायाच उखडला जाईल. निर्णय फिरला. १९९४ साली दोन्ही गीतांना राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला.

जाहीरनाम्याने कागद बदलतो. कंठ बदलायला वेळ लागतो. १९९५ साली रग्बीची विश्वचषक स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली. यजमान संघात एक खेळाडू वगळता सारे गोरे होते. एका शिक्षिकेने त्यांना खोसा भाषेतील शब्द एकेक करून घोकून घेत शिकविले. अंतिम सामन्यापूर्वी गीत सुरू झाले तेव्हा कर्णधार फ्रांस्वा पीनार यांच्या तोंडून शब्द फुटेना. भावना इतक्या दाटून आल्या होत्या, असे त्यांनी पुढे सांगितले. ज्या गीताची सुरुवात एका शिक्षकाने केली, ते परक्या ओठांवर नेण्याचे कामही एका शिक्षिकेनेच केले, याचे आम्हांला विशेष वाटते.

दोन्ही गीते लागोपाठ गायची तर पाच मिनिटे लागत. म्हणून एक समिती नेमली गेली. आफ्रिकी भाषांचे प्राध्यापक व संगीतकार म्झिलिकाझी खुमालो तिचे प्रमुख होते आणि ज्यू संगीतकार जीन झैडेल-रुडॉल्फ यांनी दोन्ही चालींचा सांधा जुळविला व अखेरच्या इंग्रजी ओळी रचल्या. १९९७ साली हे संयुक्त गीत अधिकृत झाले. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या या गीतात खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स व इंग्रजी अशा पाच भाषा आहेत. ते एका स्वरपट्टीत सुरू होते आणि दुसरीत संपते. ‘डी स्टेम’मधील ज्या ओळींत गोऱ्या वसाहतकारांच्या बैलगाड्यांच्या कूचेचे स्मरण होते, त्या गळाल्या. आणि ‘न्कोसी सिकेलेल’च्या ध्रुपदातील पवित्र आत्म्याचे आवाहनही गळाले.

हे शेवटचे वाचून आमच्या मनाला प्रथम चुटपुट लागली, हे आम्ही लपवीत नाही. परंतु विचारान्ती वाटले की, देवळात ते आवाहन पूर्वीप्रमाणेच गायिले जाते. राष्ट्राच्या गीतात मात्र हिंदू, मुसलमान, ज्यू आणि श्रद्धा नसलेले अशा सर्वांनाच उभे राहावयाचे आहे. दोन्ही बाजूंनी आपले काही सोडले, तेव्हाच तिसरे, सर्वांचे असे काही निर्माण झाले. काहीच न सोडता होतो तो समेट नव्हे. तो केवळ युद्धविराम.

हा सांधा सुखासुखी बसला, असेही कुणी समजू नये. ज्या भाषेच्या सक्तीविरुद्ध मुलांनी प्राण दिले, त्या भाषेच्या ओळी राष्ट्रगीतात का असाव्यात, असा प्रश्न अलीकडच्या काळातही तेथील काही पक्षांनी जोराने विचारला आहे. त्या ओळींच्या वेळी मुकाट उभे राहणारेही आहेत. त्यांना सहज दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. सोन्याच्या खाणी आणि त्यांच्या कडेच्या वस्त्या यांतील अंतर गीताने मिटत नसते. क्षमा एका माणसाने केली म्हणून सर्वांकडून ती वसूल करता येत नाही; ती प्रत्येकाने, प्रत्येक वेळी गाताना, नव्याने द्यावी लागते.

सोन्टोन्गांची कबर अनेक वर्षे सापडत नव्हती. शोधणारे त्यांचे आडनाव शोधीत राहिले. दफनभूमीच्या वहीत नोंद होती ती नुसत्या ‘एनॉक’ या नावाखाली. ब्राम्फाँटेन दफनभूमीच्या एतद्देशीय ख्रिस्ती लोकांसाठी राखून ठेवलेल्या भागात ती अखेर मिळाली. २४ सप्टेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष मंडेला यांच्या हस्ते तेथे स्मारकाचे अनावरण झाले. साऱ्या खंडासाठी आशीर्वाद मागणाऱ्या त्या मास्तरांनी आपल्या प्रार्थनेत कुणालाही वगळले नव्हते. गोऱ्यांची मुले ती एक दिवस म्हणतील, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. परंतु प्रार्थना एकदा ओठांवरून सुटली की ती कुणाकुणाच्या वाट्याला यावी, हे ठरविणारा परमेश्वर असतो.

येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर, वाचकहो, आपल्या गायनवृंदाच्या मास्तरांना भेटून त्यांचे पूर्ण नाव विचारून घ्या. आणि ते कुठेतरी लिहून ठेवा.