बार का उडत नसे?

कुलाबा किल्ल्याच्या तटावर दोन ओतीव तोफा चाकांच्या गाड्यांवर अजून उभ्या आहेत. त्या यॉर्कशरमधील लो मूर कारखान्यात घडवलेल्या. तोंडातून ठासायच्या जुन्या तोफांप्रमाणे त्यांचाही खरा नाजूक भाग म्हणजे मागचा कान, रंजक भरण्याचे बारीक छिद्र.

अलिबाग ते मुरूड या किनाऱ्यावर गोलंदाजाचा पहिला वैरी समोरचे गलबत नव्हे, दमट हवा होती. दारूतला सोरा नीट शुद्ध केलेला नसला तर त्यातले साधे मीठ ओल ओढून घेई. मग रंजक नुसतीच फुरफुरे आणि बार आतच राही. अशा वेळी घाई जिवावर बेतणारी. आत ठिणगी धुमसत असण्याची शक्यता असे, म्हणून थोडे थांबून कानात सळई घालून काजळी काढत आणि कोरडी रंजक भरून पुन्हा बत्ती देत. प्रत्येक बारानंतर नळी ओल्या बोळ्याने पुसणे हाही त्याच सावधगिरीचा भाग. गंजाचे पापुद्रे साचले तर गोळा मध्येच अडके.

माघार घेणारे सैन्य हाच कान मुद्दाम बुजवी. त्यात पोलादी खिळा ठोकून वरचे टोक मोडले की तोफ निकामी होई. खिळा कोरून काढणे किंवा शेजारी नवे छिद्र पाडणे, असे उपाय उरत. दोन्ही वेळखाऊ. ऐन लढाईत तेवढी उसंत मिळणे कठीणच.