दगडावर दगड उगाळताना

'उगाळणे' हे मराठीतलं माझं एक आवडतं क्रियापद आहे. सहाणेवर थोडं पाणी घ्यायचं आणि एखादी वस्तू गोल गोल घासत राहायची, की हळूहळू तिचा अंश पाण्यात उतरतो. चंदनाचं खोड, बाळगुटीतलं जायफळ, वेखंड, हळकुंड... सगळ्यांची तीच रीत. पण दगडावर दगडच उगाळला तर? त्या गंधाचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो उघड्या वस्तऱ्याच्या काळातल्या न्हाव्यांना चांगला ठाऊक होता. धारेचा दगड ओला करायचा, त्यावर त्याच जातीचा छोटा तुकडा घासायचा, की दुधासारखं पाणी तयार होतं. इंग्रजीत त्याला स्लरी म्हणतात. मी आपलं गंधच म्हणतो. या गंधात वस्तरा फिरवला की नुसत्या दगडापेक्षा कितीतरी लवकर धार चढते.

आधी थोडं शब्दांबद्दल. 'सहाण' हा शब्द संस्कृत 'शाण'वरून आला, आणि शाण म्हणजे धार लावायचा दगड. लॅटिनमधला 'कोस' आणि इंग्रजीतला 'होन' हे शब्दही त्याच मूळ धातूचे, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपल्या देवघरातली सहाण आणि रोमन न्हाव्याचा दगड ही नावाने चुलत भावंडं! थोरल्या प्लिनीने इसवी सन 77 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या 36व्या भागात या दगडांच्या जाती दिल्या आहेत. काहींना तेल लागतं, काहींना पाणी. आणि एक जात अशी, जी न्हाव्यांच्या दुकानांत चक्क थुंकी लावून वापरतात. ते दगड स्पेनमधून येत, असंही तो सांगतो. ग्रंथकाराने न्हाव्याच्या दुकानात डोकावून पाहिलं, याचंच मला कौतुक वाटतं.

'कोस'चं छोटं रूप 'कोटिकुला', आणि त्यावरून बेल्जियममधल्या एका दगडाचं नाव पडलं, कोटिक्यूल. आर्देन डोंगराळ भागात साल्म नदीच्या काठी व्हिएलसाल्म आणि साल्मशातो ही गावं आहेत. तिथल्या निळसर-जांभळट पाटीच्या दगडात फिकट पिवळे पट्टे सापडतात. हा थर सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचला. पट्टे बहुधा काही सेंटिमीटर जाडीचेच असतात आणि पिवळा दगड ठिसूळ असतो. म्हणून तो पाटीच्या दगडावर चिकटवून विकत. ज्या तुकड्यांचा पूर्ण दगड होत नसे, ते छोटे तुकडे गंध उगाळायला कामी येत. काहीच वाया जायचं नाही.

या दगडाची करामत त्याच्यातल्या गार्नेटमध्ये आहे. गार्नेट म्हणजे आपल्याकडे अंगठीत घालतात तो तामडा. इथे तो मँगनीजयुक्त प्रकारचा, अतिशय बारीक, साधारण 5 ते 20 मायक्रॉनच्या कणांचा असतो आणि मऊ अभ्रकात गच्च बसलेला असतो. (माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरतात.) हे कण टोकदार नसून बरेचसे गोलसर, अनेक पैलूंचे असतात. अभ्रकात रुतलेल्या कणाचं फक्त डोकं वर असतं, त्यामुळे ते पोलादाला अगदी हलकेच ओरखडतं. उगाळून मोकळे झाले, की तेच कण पात्याखाली गडगडू लागतात आणि जास्त पोलाद काढतात. पांढरं गंध बघता बघता राखाडी होतं. तो राखाडी रंग म्हणजे वस्तऱ्याचं झिजलेलं पोलाद.

इथे एक गोम आहे. घट्ट गंधात वस्तरा कितीही वेळ फिरवा, एका पायरीपुढे धार जात नाही. कारण पातं जितकं बारीक होत जातं, तितकी त्याची कड या मोकळ्या कणांवर समोरून आदळते आणि किंचित बोथट होते. एकीकडे धार चढते आणि दुसरीकडे उतरते, आणि दोन्हींची बरोबरी झाली की कामच थांबतं. मग करायचं काय? गंध पातळ करायचं. बोट पाण्यात बुडवून एक थेंब, काही हात, पुन्हा थेंब. शेवटी दगड धुऊन नुसत्या पाण्यावर हलके हात, आणि मग चामड्याचा पट्टा. गंध कधी सोडायचं ते पात्याच्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या ओढीवरून कळतं.

जपानने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. क्योतोजवळच्या डोंगरांतला अतिशय कठीण, बारीक पोताचा दगड खाली ठेवायचा, आणि त्यावर नागुरा नावाचे छोटे दगड एकामागून एक उगाळायचे. आजच्या आइची प्रांतातल्या मिकावा भागातला पांढरा नागुरा यासाठी प्रसिद्ध होता. वेगवेगळ्या थरांतून आलेल्या नागुऱ्यांना वेगवेगळी नावं आहेत. बोतान सर्वात भरड, मग तेनज्यो, मेजिरो आणि शेवटी कोमा. सर्वात अखेरीस खालच्याच जातीचा तुकडा. म्हणजे बेल्जियममध्ये एकच गंध पाण्याने पातळ करत न्यायचं, तर जपानमध्ये दर पायरीला गंधच बदलायचं. साँज्यो गावच्या इवासाकी कोउसुके या पोलादतज्ज्ञाने 20व्या शतकात हे वस्तरा पाजवण्याचं शास्त्र अभ्यासून लिहून ठेवलं, म्हणून ते आज इतक्या तपशिलात वाचायला मिळतं.

मग जिलेट आला. 1903 मध्ये त्याची कंपनी अवघे 51 रेझर विकू शकली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने 1918 मध्ये सुमारे 35 लाख रेझर आणि 3.2 कोटी पाती घेतली. दाढी प्रत्येकाची स्वतःची झाली आणि धार कारखान्यात गेली. बोथट झालेलं पातं फेकून द्यायचं म्हटल्यावर दगड कोणाला हवा? साल्मच्या खोऱ्यातल्या खाणी एकेक करून बंद पडत गेल्या. साल्मशातोच्या जुन्या कारखान्यात आता कोटिक्यूलचं संग्रहालय आहे. पुढे तिथे थोड्या प्रमाणात दगड पुन्हा निघू लागला, तो मुख्यतः जगभरच्या हौशी लोकांसाठी.

आपल्याकडे वस्तरा बराच काळ टिकला. लहानपणी बाबांबरोबर सलूनमध्ये गेलो, की न्हावीकाका काळसर दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकून वस्तरा फिरवायचे आणि मग खुर्चीला अडकवलेल्या पट्ट्यावर फटाफट. मी त्या आवाजासाठी कान टवकारून बसायचो. पुढे एड्सची भीती आली आणि वस्तऱ्यात अर्धं ब्लेड अडकवायची पद्धत रूढ झाली. ते योग्यच झालं, गिऱ्हाइकाच्या जिवाचा प्रश्न होता. पण दगड मात्र फळीवरून उतरला तो उतरलाच.

मला राहून राहून वाटतं ते एवढंच. घट्ट गंधात धार एका जागी अडते, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतं. पण ते हाताने ओळखून, थेंब थेंब पाणी घालत त्यावर मात करणारी माणसं कुठल्या प्रयोगशाळेत बसली नव्हती. गिऱ्हाईक गालाला हात लावून "छान झाली" म्हणायचं आणि उठायचं, एवढीच त्यांची परीक्षा. जपानमध्ये त्यांच्या हातातलं ज्ञान टिपून ठेवणारा कोणीतरी निघाला. आपल्याकडे बारा बलुतेदारांत न्हाव्याला जागा होती, सुगीला धान्याचा वाटा होता. पण त्याच्या दगडापाशी बसून "काका, आता पाणी का घातलंत?" असं विचारणारे किती होते? मीही तिथेच बसलेला असायचो की, आवाज ऐकत.

तुमच्या गावात एखादे म्हातारे न्हावीकाका असतील, ज्यांनी उमेदीच्या काळात दगडावर वस्तरा पाजवला आहे, तर एकदा विचारून बघा. दगड कुठला होता, आणि पाणी कधी घालायचं ते कसं कळायचं. आणि जमलं तर लिहून ठेवा.