आधी तलाव, मग सराई

आमच्या जालना जिल्ह्यात एक म्हण लहान पोरालाही पाठ असते : 'जालना सोने का पालना'. म्हण दखनी आहे, पण ती सगळ्यांचीच आहे. मोंढ्यातला मारवाडी व्यापारी ती म्हणतो, भोकरदनचा कास्तकार म्हणतो आणि माझ्या घरातही म्हटली जाते. जालन्याने लोकांना पोटाशी धरलं, काम दिलं, हा त्या म्हणीचा अर्थ. आधी कापूस आणि धान्याचा व्यापार होता. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे 'महिको' सुरू केली आणि जालन्याचं बियाणं देशभर गेलं. त्यानंतर लोखंडी सळयांचे कारखाने आले. आज घर बांधणाऱ्या माणसाला जालन्याची सळई ठाऊक असते.

आता हे शहर आणखी मोठं व्हायला निघालं आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. २०२३ मध्ये जालन्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली, राज्यातली एकोणतिसावी. २०१५ च्या डिसेंबरात ड्रायपोर्टची, म्हणजे समुद्र नसलेल्या बंदराची पायाभरणी झाली. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालन्याला लागून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. समृद्धीला मिळणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्गही आखला गेला आहे. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. ती रेल्वे आमच्या राजूर-भोकरदनच्या बाजूने अजिंठ्याकडे जायची आहे.

मित्रहो, ही यादी वाचून मलाही आनंद होतो. आमची पोरं पुण्या-मुंबईला न जाता इथेच कामाला लागली तर कोणाला नको आहे? पण यादी पुन्हा एकदा नीट पाहा. यातलं जवळजवळ प्रत्येक काम रस्त्याचं किंवा रुळाचं आहे. माल यावा आणि जावा, यासाठीचं आहे. त्या मालाबरोबर जी माणसं येतील आणि इथेच राहतील, ती पाणी कुठलं पिणार, हा प्रश्न या यादीत दिसत नाही. आणि गंमत अशी, की याच शहराच्या जुन्या आखणीत तो पहिला प्रश्न होता.

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आहे, दुसऱ्या काठाला काद्राबाद. जुन्या जालन्यात काळी मशीद आहे. तिच्यावरच्या फारसी शिलालेखावरून कळतं, की सोळाव्या शतकात जमशेदखान नावाच्या अधिकाऱ्याने ती बांधली. तिच्याबरोबर प्रवाशांसाठी सराई आणि हमामही बांधला. पण जमशेदखान तेवढ्यावर थांबला नाही. त्याने शहराच्या पश्चिमेला मोतीतलाव बांधला, तिथून जमिनीखालून नळ टाकले आणि शहरात जागोजागी हौद केले. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा हौद सराईच्या चौकात होता. म्हणजे वाटसरू घोड्यावरून उतरला, की त्याच्यासमोर पाणी. जालन्याच्या भरभराटीच्या दिवसांत इथे पाच तलाव होते, असं जुनं गॅझेटियर सांगतं. सराई म्हणजे त्या काळचा ड्रायपोर्टच की! व्यापारी यायचे, माल उतरायचा, रात्र काढायचे आणि पुढे जायचे. फरक इतकाच, की सराईच्या नकाशात हौद आधीच काढलेला होता.

साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरचीही हीच गोष्ट आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. हबशी देशातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला होता. नाव खडकी, आणि जागाही तशीच. खडकाळ जमिनीवर शहर वसवायचं तर लोक कशाच्या भरवशावर येतील? त्याने उत्तरेच्या डोंगरपायथ्याचं, हर्सूलकडचं जमिनीतलं पाणी खापरी नळांतून उताराने शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. ना पंप, ना वीज. नळावर दाब येऊ नये म्हणून वाटेत उंच मनोरे, म्हणजे बंबे, बांधले. पुढे खडकीचं औरंगाबाद झालं, मोगल आले, निजाम आले, आणखी नहरी झाल्या. राज्यं बदलली, पण अंबरची नहर शतकानुशतकं वाहत राहिली.

निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यात आली. तेव्हा रूळ मीटरगेजचे होते. कापूस गाडीत बसून दूर जाऊ लागला, शहर वाढलं. मग त्याच राजवटीत जालन्यासाठी घाणेवाडीचा जलाशय झाला. त्याचं पाणीही उताराने शहरात येतं. रेल्वे आली आणि तिच्या मागून तलाव आला. तेव्हाच्या कारभाऱ्यांनी उशिरा का होईना, हिशेब पुरा केला.

आपण तो हिशेब कुठे सोडला? १९७६ मध्ये पैठणचं जायकवाडी धरण पुरं झालं. एवढा मोठा नाथसागर भरलेला पाहिला आणि आपल्याला वाटलं, आता मराठवाड्याची तहान भागली. जुने तलाव गाळाने भरत गेले, नहरींवर घरं चढली. कारखाने वाढले, वस्त्या वाढल्या, आणि सगळ्यांचे डोळे एकाच धरणाकडे लागले. ते धरणही आपल्या पावसावर भरत नाही. त्याचं पाणी नाशिक-नगरकडून येतं, आणि वर पाऊस कमी झाला की खाली बसलेल्यांनी वाट पाहायची.

२०१२-१३ चा दुष्काळ जालन्याच्या लोकांनी विसरू नये. घाणेवाडीचा तळ उघडा पडला होता. माझी बहीण तेव्हा जालन्यात राहायची. घरात पाहुणा आला, की ती आधी पिंपाकडे पाहायची आणि मग पाहुण्याकडे. पण त्याच वर्षी एक चांगली गोष्टही घडली. जालनेकरांनी वर्गणी काढली आणि घाणेवाडीचा गाळ उपसायला घेतला. व्यापारी, डॉक्टर, कारखानदार, सगळे त्यात उतरले. शेतकऱ्यांनी तो गाळ ट्रॅक्टरने नेऊन शेतात टाकला. तलाव खोल झाला आणि माळरानाला माती मिळाली. पुढे पैठणहून जालन्याला नळही आला, तो हवाच होता. पण घरचा तलाव तो घरचाच.

आता आमच्या राजूरविषयी. राजूरचा गणपती साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून माणसं रात्रभर चालत येतात. आमच्या लहानपणी त्या रात्री अम्मी ओट्यावर दोन रांजण भरून ठेवायची. विहिरीवरून शेंदून पाणी आणायचं काम आम्हा भावंडांचं. कोणी घराचं नाव विचारत नसे, आम्हीही विचारत नसू. पाणी प्यायचे, 'मोरया' म्हणायचे आणि पुढे निघायचे. रस्त्यावर राहणाऱ्याने रस्त्याने येणाऱ्याला पाणी द्यावं, एवढा साधा तो धर्म होता.

आमची वाट जुनीच आहे. शेजारचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातलं व्यापाराचं गाव. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरच्या लेखांत इथल्या दात्यांची नावं आहेत. उत्खननात तिथे हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारखीच मूर्ती इटलीत, पाँपेईमध्ये मिळाली आहे. तेव्हा नवी रेल्वे आमच्याकडे परकी म्हणून येत नाही. जुन्याच वाटेवर ती लोखंड अंथरणार आहे. आज चहाच्या टपरीवर तिचीच चर्चा असते. कोणाची जमीन जाणार, काय भाव मिळणार, कुठे प्लॉट पाडायचे. ज्याची जमीन जाते त्याला योग्य मोबदला मिळाला पाहिजे, यात दोन मतं नाहीत. पण प्लॉट पाडताना विहीर कुठे, नाला कुठे, तलाव कुठे, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

रेल्वेचा भराव घालायला माती-मुरूम लागतो, डोंगरच्या डोंगर लागतो. तो कुठून आणायचा? याचं उत्तर शेजारच्या बुलडाणा जिल्ह्याने देऊन ठेवलं आहे. तिथे महामार्गांच्या कामाला लागणारी माती जुने तलाव आणि नाले खोल करून काढली गेली. रस्त्याला माती मिळाली, तलावात पाणी साठलं, आणि त्यासाठी वेगळा खड्डा खणावा लागला नाही. 'बुलडाणा पॅटर्न' म्हणून ते काम देशभर नावाजलं गेलं.

तेच जालना-जळगाव मार्गावर व्हावं, असं मला वाटतं. रुळाचा भराव टाकायच्या आधी गावोगावच्या ग्रामसभांनी आपले तलाव, नाले, पाझर तलाव यांची यादी करून ठरावासह पाठवावी. यातले कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आपल्याच आईबापांनी खडी फोडून, टोपल्या वाहून बांधले. त्यांतला गाळ-मुरूम रेल्वेने न्यावा. काम मंजूर झालं आहे, भराव अजून पडायचा आहे. मागणी करायची वेळ हीच आहे. एकदा भराव पडला, की मग निवेदनं देऊन उपयोग नाही.

मोतीतलावावर आजही जालनेकर गणपती विसर्जनाला जमतात. यंदा तिथे जाल, तेव्हा घरातल्या मुलांना एवढं जरूर सांगा, की हा तलाव शहराच्या नकाशात पहिल्यांदा काढलेला होता. नव्या नकाशात तलाव कुठे आहे, हे मग ती मुलंच विचारतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)